खुंटी आणि यादी

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीवर दोन चिन्हं बऱ्याचदा शेजारी दिसतात. एक रिअ‍ॅक्ट डेव्हलपर टूल्सचं (रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं घटकाघटकांनी बांधायची कोडची लायब्ररी), दुसरं जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनचं. दोन्ही एक्स्टेन्शनच, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवण्या. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानातलं वाचायची आणि बदलायची परवानगीही दोघं मागतात. पण पान एकाला सगळं सांगतं आणि दुसऱ्यापासून लपतं.

रिअ‍ॅक्टचं एक्स्टेन्शन पानातला कोड चालायच्या आधीच तिथे ठरलेल्या नावाची एक खुंटी ठोकून ठेवतं. मागून रिअ‍ॅक्ट आलं की ते स्वतःच ती खुंटी शोधतं आणि आपला हिशेब तिच्यावर टांगतं: कोणता घटक कोणाच्या पोटात आहे, कोणाकडे कोणती माहिती आहे. दोघं एकाच घरचे, त्यामुळे चोरून बघण्याचा प्रश्नच नाही.

जाहिरातींचं तसं नाही. साधं बातमीचं पान उघडलं तरी ब्राउझर चित्रं, फाँट, जाहिराती, तुमचा माग ठेवणारे ट्रॅकर अशा कितीतरी गोष्टी वेगवेगळ्या पत्त्यांवरून मागवतो. ब्लॉकर प्रत्येक मागणी याद्यांशी ताडून पाहतो. त्यातली प्रसिद्ध यादी म्हणजे इझीलिस्ट, 2005 पासून चालत आलेली. तिच्यात दोन उभ्या रेघा आणि पुढे पत्ता असेल तर अर्थ असा, की इथून काही आणू नका. दोन # असतील तर आलेलं झाकून टाका. पहिल्यात तुमच्या डेटाची बचत होते. दुसऱ्यात नुसता डोळ्यांना आराम.

क्रोमने एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही3 ही नियमांची नवी चौकट आणली तेव्हा फटका ब्लॉकरलाच का बसला, ते यावरून कळतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणी थांबवून एक्स्टेन्शन स्वतः निर्णय घ्यायचं. आता त्याने नियम आधीच क्रोमकडे सोपवायचे आणि अडवायचं काम क्रोमने करायचं. गूगलचं म्हणणं, यामुळे वेग वाढतो आणि एक्स्टेन्शनला तुमची प्रत्येक मागणी बघावी लागत नाही. मुद्दा खोटा नाही. पण लपणारा रोज जागा बदलत असेल तर आधी लिहून दिलेले नियम किती पुरणार? यूब्लॉक ओरिजिनचे कर्ते रेमंड हिल यांनी नव्या चौकटीसाठी ‘लाइट’ आवृत्ती काढली. तिच्या याद्या एक्स्टेन्शन अद्ययावत होतं तेव्हाच बदलतात. खुंटीवाल्याला मात्र मागण्या अडवायच्याच नव्हत्या, त्यामुळे त्याचं फारसं बिघडलं नाही.

फायरफॉक्सने जुनी पद्धतही राखली. शिवाय तिथे एक्स्टेन्शनला एखाद्या नावामागचा खरा पत्ता विचारता येतो. काही ट्रॅकर वेबसाइटच्याच उपनावाखाली घर करतात, म्हणजे दारावर पाटी मालकाची आणि आत भाडेकरू दुसराच. यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर ही पाटी उलटून बघतं. जाहिराती अडवायला मी फायरफॉक्सच सुचवेन, ते यासाठीच.

वेबसाइट बनवताना मात्र ब्लॉकर कधीकधी आपल्यालाच गंडवतो. एका दुकानाच्या सवलतीच्या पट्टीला मी ‘अ‍ॅड-बॅनर’ असं नाव दिलं आणि पट्टी गायब. अर्धा तास मी सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, धुंडाळत होतो. शेवटी तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडलं, जिथे आपण मुभा दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. पट्टी जागच्या जागी होती. तिचं नाव बदलून ‘सवलत-पट्टी’ केलं.