जुनी आउटबोर्ड मोटर आणि बोटीतली पक्की टाकी

बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायची जुनी पेट्रोल मोटर तिच्या मूळ सुट्या टाकीऐवजी बोटीत कायम बसवलेल्या टाकीवर चालवायची असेल, तर काही बदल करावे लागतात. हा प्रश्न मुख्यतः १९५० च्या दशकातल्या अमेरिकन जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींचा. वरवर पाहता एक नळी काढायची आणि दुसरी लावायची, एवढेच काम वाटते. पण या मोटरींना स्वतःचा फ्युएल पंप नसतो. पंपाचे काम टाकीच करते. म्हणून टाकी बदलायची तर आधी मोटरला पंप द्यावा लागतो.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपल्या मोटरी विकायला सुरुवात केली, तेव्हा छोटी टाकी मोटरवरच असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. १९४९ साली जॉन्सनच्या १० अश्वशक्तीच्या मोटरीबरोबर ६ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची, वेगळी टाकी आली. ती बोटीत खाली ठेवायची असल्याने पेट्रोल वर चढवणे भाग होते. त्यासाठी मोटरच्या क्रँककेसमधली, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतली, दाबाची हवा टाकीत सोडली आणि त्या दाबाने पेट्रोल वर ढकलले.

ही टाकी ओळखायची खूण म्हणजे तिची जोडनळी. बाहेरून एकच दिसते, पण कापून पाहिली तर आत शेजारी शेजारी दोन भोके असतात. एकातून हवा टाकीकडे जाते, दुसऱ्यातून पेट्रोल मोटरकडे येते. टाकीच्या डोक्यावर दाबायचे बटण असते. मोटर सुरू करण्यापूर्वी ते काही वेळा दाबून पहिले पेट्रोल चढवावे लागते. चालू मोटर बंद करून झाकण सैल केले की फुस्स आवाज करत हवा सुटते. तो आवाज आला नाही, तर झाकणाचे रबर गेले आहे किंवा हवा कुठेतरी निसटते आहे. १९६० च्या सुमारास मोटरवरच पंप येऊ लागला आणि नळी एकेरी झाली.

दुहेरी नळीची मोटर पक्क्या टाकीला जशीच्या तशी जोडू नये. पक्क्या टाकीला हवा आत-बाहेर होण्यासाठी व्हेंट असतो, त्यातून सगळा दाब निघून जातो. व्हेंट बुजवून टाकीत दाब भरणे हा तर जिवाशी खेळ आहे. सपाट बाजूंच्या टाक्या अशा दाबासाठी बनवलेल्या नसतात, आणि कुठे सांधा सुटला तर पेट्रोल थेट बोटीच्या तळात जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच साचून राहते. मग एका ठिणगीचे काम उरते.

योग्य मार्ग म्हणजे मोटरवर डायफ्रामचा पंप बसवणे. मिकुनी या जपानी कंपनीचे छोटे चौकोनी पंप यासाठी बरेच वापरले जातात. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, खाली येताना दाब. या आळीपाळीच्या झटक्यांनी पंपातला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे सरकते. इथेच बरेच जण फसतात. जुन्या व्यवस्थेत हवेच्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. ते फक्त दाब बाहेर सोडतात, ओढ अडवतात. म्हणून पंपाच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह काढावाच लागतो. शिवाय दोन सिलिंडरच्या मोटरीत एकाचा पिस्टन वर असताना दुसऱ्याचा खाली असतो. दोन्हीकडची हवा एकत्र केली तर झटके एकमेकांना मारतात. पंपाला एकाच सिलिंडरच्या क्रँककेसची वाट द्यावी आणि दुसरी पक्की बुजवावी. ती उघडी राहिली तर तो सिलिंडर नीट काम करणार नाही. झटक्याची नळी आखूड आणि कडक असावी. लांब, मऊ नळी झटका स्वतःच गिळते. विजेचा पंप सोपा वाटतो, पण नळी फुटल्यावरही तो पेट्रोल ओतत राहू शकतो. या कामाला तो नकोच.

टाकीच्या बाजूला बोटीसाठीच बनवलेली नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि हाताने दाबायचा रबरी फुगा लागतो. फुग्यावरचा बाण मोटरकडे असावा. कोकणात सुट्या प्लास्टिकच्या टाकीवर मोटर चालवणाऱ्यांच्या हातातही हाच फुगा असतो. पक्क्या टाकीच्या तोंडाशी बहुधा स्प्रिंगचा अँटिसायफन व्हॉल्व्ह असतो. नळी तुटली तर टाकी आपोआप रिकामी होऊ नये म्हणून तो आहे. तो गंजला तर मोटर उपाशी मरते, पण म्हणून काढून टाकू नये, नवा बसवावा.

या मोटरी टू-स्ट्रोक आहेत, त्यामुळे टाकीतल्या सगळ्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले हवे. आज अशा बऱ्याच मोटरींना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल देतात. १०० लिटरच्या टाकीला ४ लिटरहून थोडे जास्त तेल झाले. इथेनॉलचे पेट्रोल असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. अमेरिकेत सहसा १० टक्के, भारतात आता २० टक्के इथेनॉल असते. त्यात पुरेसे पाणी शिरले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळूनच ओढते. म्हणजे मोटरला जे मिळते त्यात तेलच नसते, आणि बेअरिंग काही मिनिटांत जाऊ शकतात. हंगामभर पडून राहिलेली टाकी म्हणूनच आधी उपसून घ्यावी.

जोडणी झाल्यावर मोटर पाण्यात पूर्ण वेगाने चालवून फुग्याकडे पाहावे. फुगा चपटा पडला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: व्हेंट, व्हॉल्व्ह किंवा फिल्टर. मोटर गचके खात असेल आणि फुगा दाबल्यावर सावरत असेल, तर पंप कमी पडतो आहे किंवा सांध्यातून हवा आत येते आहे. मोटर बंद करून फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडे फडके फिरवावे. फडक्याला पेट्रोलचा वास जरी आला तरी तो सांधा पुन्हा करावा.