फुलं इझनिकची, नाव ऱ्होड्सचं

चित्रकार फ्रेडरिक लेटन यांच्या लंडनमधल्या घरात एक अरब हॉल आहे. त्याच्या भिंती दमास्कस आणि आसपासहून आणलेल्या जुन्या टाइल्सनी मढवलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास त्या जुळवून बसवण्याचं काम इंग्रज कुंभार विल्यम डी मॉर्गन यांच्याकडे आलं. जिथे टाइल्स कमी पडल्या, तिथे त्यांनी स्वतः घडवलेल्या बसवल्या. पुढे त्यांच्या भट्टीतून निघालेल्या निळ्या-हिरव्या फुलापानांचं मूळ मात्र आणखी मागे जातं.

ते मूळ म्हणजे इस्तंबूलजवळचं इझनिक गाव. १६व्या शतकात तिथले कारागीर गारगोटीच्या पुडीपासून पांढरीशुभ्र भांडी घडवत आणि त्यांवर ट्यूलिप, कार्नेशन, दातेरी कडांची लांब पानं रंगवत. १५५० च्या दशकात, सुलेमानिये मशिदीच्या टाइल्सवर, त्यांचा प्रसिद्ध लाल रंग आला. लोहयुक्त मातीचा तो जाड थर झिलईखालीही बोटाला उंचवट्यासारखा लागतो. १७व्या शतकात दरबाराची मागणी आटली आणि भट्ट्या विझत गेल्या.

दोन शतकांनी युरोपला इझनिकच्या या भांड्यांचं वेड लागलं. पॅरिसमध्ये थिओडोर डेक या अल्सेसच्या कुंभारानं त्यांचा तेजस्वी फिरोजी रंग साधला. हे सोपं नव्हतं. तांबं शिशाच्या झिलईत घातलं तर हिरवं होतं, क्षारयुक्त झिलईत फिरोजी. पण अशी झिलई भांड्यावर तडकते. त्यावर मात केल्यावर त्या निळ्याला डेक यांचंच नाव पडलं. १८८७ मध्ये ते सेव्हरच्या सरकारी पोर्सेलिन कारखान्याचे संचालक झाले. फ्लोरेन्सचे कांतागाली, पॅरिसचे सॅमसन, हंगेरीतले झोल्नाय या कारखान्यांनीही इझनिकचे नमुने उचलले.

नाव मात्र चुकलं. पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयानं १८६५ पासून ऱ्होड्स बेटावरच्या लिंडोस गावातून अशी पाचशेहून अधिक भांडी घेतली, म्हणून ती ‘ऱ्होड्सची’ ठरली. इंग्लंडमध्ये सरसकट ‘पर्शियन’ म्हणत. डी मॉर्गनही आपल्या रंगांना तेच म्हणत. ज्यांच्या हातांनी हे सगळं घडवलं, त्यांच्या गावाचं नाव कौतुक करणाऱ्यांच्याच तोंडी नसावं, याची मला फार खंत वाटते.

आणि पुरावा तर समोर होता. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या इस्लामी पवित्र वास्तूतला एक मातीचा दिवा १८८७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आला. त्याच्या तळाच्या कडेवर १५४९ मध्ये मुसली नावाच्या कारागिरानं आपली सही केली आहे. त्याच मजकुरात इझनिकच्या एका संताचा उल्लेख आहे, गावाच्या नावासह.