आल्टरमॅग्नेट संधी

आल्टरमॅग्नेट (एकूण चुंबकन शून्य असूनही ज्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा परिवलनानुसार वेगळी होते असा चुंबकीय पदार्थ) आणि दुसरा पदार्थ (साधा धातू, अतिसंवाहक किंवा पातळ निरोधक थरापलीकडचा दुसरा आल्टरमॅग्नेट) यांचा सांधा. त्यातून विद्युत् भाराबरोबर इलेक्ट्रॉनांचे परिवलन, म्हणजे बोलण्यातले ‘स्पिन’, कसे वाहते हा अभ्यासविषय. मराठी प्रतिशब्द स्थिरावलेला नाही. इंदूरला खंडवा रोडवरच्या प्रयोगशाळांत मराठी संभाषणातही ‘आल्टरमॅग्नेट’च चालते.

‘आल्टरमॅग्नेट’ हे नाव श्मेइकल, सिनोव्हा व युंगविर्थ या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये रूढ केले. कल्पना त्याआधीची: हायामी व सहकाऱ्यांचा २०१९ चा आणि झुंगर यांच्या गटाचा २०२० चा लेख अशाच परिवलन-विभाजनाविषयी (‘वर’ व ‘खाली’ परिवलनांच्या ऊर्जा वेगळ्या होण्याविषयी) आहे. काही जण हा धागा पेकार व रश्बा यांच्या १९६४ च्या लेखापर्यंत नेतात. तो ताणलेला वाटतो.

शेजारच्या अणूंची चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध असल्याने एकूण चुंबकन शून्य, हे प्रतिलोहचुंबकासारखेच. फरक असा, की दोन उपजालके (विरुद्ध परिबलांच्या अणूंच्या दोन रचना) नुसत्या सरकवण्याने नव्हे, तर फिरवल्यावर जुळतात. त्यामुळे ‘डी’ प्रकारात (विभाजनाचे चिन्ह पूर्ण फेरीत चार वेळा बदलते तो) एका अक्षावर ‘वर’ परिवलनाचे इलेक्ट्रॉन सुलभ वाहतात, काटकोनातल्या अक्षावर ‘खाली’चे. स्फटिक कोणत्या दिशेने कापला यावर सांध्याचे वर्तन ठरते. अक्षाच्या दिशेने प्रवाह परिवलन-ध्रुवित मिळतो. ४५ अंशांवर तो ध्रुवित नसतो, पण आडवा परिवलन-प्रवाह उद्भवतो. अतिसंवाहकाशी जोडल्यास आंद्रेयेव्ह परावर्तनही (सीमेवर आदळलेल्या इलेक्ट्रॉनाऐवजी धन ‘होल’ परतणे) दिशेनुसार बदलते, असे २०२३ पासूनचे सैद्धांतिक लेख सांगतात.

वाद रुथेनियम डायऑक्साइडचा: तो आल्टरमॅग्नेट आहे का? २०१७ च्या न्यूट्रॉन विवर्तनात प्रत्येक रुथेनियम अणूमागे सुमारे ०.०५ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकीय परिबलाचे एकक) परिबल दिसल्याचे मानले गेले, आणि सांध्यांची बरीच गणिते त्यावरच उभी राहिली. २०२४ च्या म्यूऑन मापनांत (पदार्थात सोडलेल्या म्यूऑन कणांनी आतले चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या) मात्र परिबल असलेच तर बोर मॅग्नेटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी निघाले. पातळ थरांबाबत मतभेद असले, तरी शुद्ध घन नमुन्यापुरते म्यूऑनचे पारडे जड दिसते.

मँगॅनीज टेल्युराइड या दुसऱ्या आल्टरमॅग्नेटमधील परिवलन-विभाजन २०२४ मध्ये प्रकाश-इलेक्ट्रॉन मापनाने (प्रकाशाने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीने) दिसले. अशा मापनांना उपयोगी प्रकाश-इलेक्ट्रॉन व मृदू क्ष-किरण वर्णपटांची सोय इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ (२.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट) या सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) आहे. मात्र मँगॅनीज टेल्युराइड ‘जी’ प्रकारचा (विभाजनाचे चिन्ह ‘डी’पेक्षा अधिक वेळा बदलणारा) असल्याने परिवलन-कक्षा युती (इलेक्ट्रॉनाचे परिवलन व त्याची कक्षीय गती यांची जोडणी) वगळता त्यात ध्रुवित प्रवाहाला सममितीच मज्जाव करते.