तुमच्या खाद्यातलं प्रोटीन मासा किती पचवतो? प्रयोगशाळेतल्या पचन चाचणीची माहिती

मत्स्यखाद्याच्या पोत्यावर ‘प्रोटीन ३२ टक्के’ असं छापलेलं असतं, तेव्हा मोजलेला असतो तो नायट्रोजन. ही पद्धत योहान जेल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. खाद्य सल्फ्युरिक आम्लात उकळायचं, नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. मात्र तो नायट्रोजन आला कुठून, हे त्या आकड्यातून कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया गेला तरी कागदावर प्रोटीन जवळपास तीन टक्क्यांनी चढतं.

भेसळ सोडा, सरळ मालातही फरक असतो. पिसांच्या भुकटीत ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन भरतं, पण ते केराटिन, म्हणजे केसानखांतलं चिवट प्रोटीन. दाबाखाली नीट वाफवलेलं नसेल तर माशाला त्याचा फारसा उपयोग नाही. सोया डीओसीचं (तेल काढून उरलेल्या पेंडीचं) टोस्टिंग कमी झालं तर ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक शिल्लक राहतात. जास्त झालं तर लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं. छापील आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. न पचलेलं प्रोटीन विष्ठेतून तळ्यात उतरतं, तिथे कुजून अमोनिया वाढवतं, आणि खाद्यातला सगळ्यात महाग घटक तुम्ही पाण्यात टाकलेला असतो.

चाचणीत काय करतो

आधी नमुना बारीक दळून चाळतो. प्रत्येक भांड्यात खाद्य नव्हे, प्रोटीन समान वजनाचं घेतो, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. पाण्यात कालवून सामू ८ वर आणतो आणि पाचक विकरांचा अर्क घालतो. विकरं प्रोटीनच्या साखळ्या तोडू लागली की द्रावण आम्लाकडे झुकतं. यंत्र लगेच कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडून सामू पुन्हा ८ वर नेतं. किती सोडा लागला त्यावरून किती बंध तुटले हे काढता येतं. सोबत विकरं न घातलेलं एक भांडं आणि सहज पचणाऱ्या केसीनचं (दुधातल्या प्रोटीनचं) एक भांडं चालवतो. हे काम काही तासांचं. जिवंत माशांवरच्या चाचणीत खाद्यात खूण म्हणून न पचणारं क्रोमिक ऑक्साइड मिसळून विष्ठा गोळा करावी लागते, त्याला आठवडे जातात.

पोट कोणाचं, हे आधी सांगा

फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) व्यवहारात ‘पेप्सिन डायजेस्टिबिलिटी’चं, म्हणजे जठरातल्या पेप्सिन या विकरानं माल किती पचतो याचं, प्रमाणपत्र सर्रास दाखवतात. त्या प्रमाणित चाचणीत ०.२ टक्के पेप्सिन, आम्ल, ४५ अंश सेल्सिअस आणि १६ तास असा मामला असतो. एवढं तापलेलं तळं आम्ही तरी पाहिलेलं नाही. फिशमीलचा अगदी खराब लॉट ओळखायला ती चालते. पण रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना जठरच नसतं. आम्ल नाही, पेप्सिनही नाही. कोळंबीतही पेप्सिन नाही, तिचं काम ट्रिप्सिनसारख्या विकरांवर चालतं. उलट तिलापियाचं जठर अतिशय आम्लधर्मी असतं, आणि जिताड्यालाही जठर आहे. म्हणून या दोघांसाठी आधी आम्लाचा टप्पा घेतो, मग सामू ८. काटे आणि डोकी जास्त असलेलं फिशमील या पहिल्या टप्प्यात बरंच आम्ल खाऊन टाकतं. तेही नोंदवतो, कारण माशाच्या पोटातही तेच घडत असतं.

अर्क शक्यतो त्याच जातीच्या, ताज्या जनावराच्या आतड्यातून काढतो आणि तळ्याच्या तापमानाला चाचणी घेतो. मुंबईच्या ससून डॉकवर एवढी मासळी उतरते, तिथूनच आतडी का घेत नाही, असं गिऱ्हाईक विचारतं. बर्फात तासन्‌तास राहिलेल्या मासळीची आतडी स्वतःच्याच विकरांनी विरघळू लागलेली असतात, आणि बांगड्याच्या आतड्यावरून तुमच्या व्हेनामी कोळंबीचा अंदाज कसा बांधणार?

आकडा कसा वाचायचा

तुलनेसाठी वाचा. दोन पुरवठादारांची डीओसी, जुना लॉट आणि नवा लॉट, टोस्टिंगआधी आणि नंतर, अशा जोड्यांत ही चाचणी उत्तम बोलते. आमचा टक्का मात्र पोत्यावर छापू नका. भांड्यात पचलेलं शोषलं जात नाही, तिथेच साठतं आणि विकरांचा वेग मंदावतो. शिवाय मासा ते खाद्य आवडीनं खाईल का, हे भांडं सांगत नाही. कोळंबी गोळी कुरतडत सावकाश खाते. तेवढ्यात पाण्यात काय विरघळून गेलं, तेही इथे दिसत नाही. बुरशीचं विष या चाचणीत कळत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. नवं सूत्र ठरवायचं असेल तर आमच्याकडून चारपाच पर्यायांतले दोन निवडा आणि ते दोन तळ्यात किंवा पिंजऱ्यात लावून बघा.

नमुना पाठवताना

एकाच पोत्यातून नको. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून-खालून घेऊन एकत्र केलेला अर्धा किलो पुरे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघडा नमुना दमट होतो आणि मग ओलाव्यामुळे सगळीच टक्केवारी हलते, तेव्हा पावसाळ्यात दुहेरी पिशवी. चिठ्ठीवर मालाचं नाव, लॉट आणि खाद्य कोणत्या जातीसाठी आहे एवढं लिहा. जात लिहिलेली नसेल तर तुम्हाला फोन करून विचारल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.