धनगरवाड्यांना जंगल राखण्यासाठी निधी हवा असेल, तर आधी सामूहिक वनहक्काचा दावा करा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या डोंगरांवर धनगरवाडे आहेत. वणवा लागला की झाडाच्या डहाळ्या घेऊन आधी धावतात ती वाड्यावरचीच माणसं. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियमही त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. तरीही संवर्धनाचा निधी येतो तेव्हा अर्जदार कुणी बाहेरची संस्था असते आणि वाड्याचं नाव फक्त लाभार्थींच्या यादीत दिसतं. हे बदलायचं असेल तर जंगलावरचा हक्क आधी कागदावर यायला हवा. निधी देणारा कुणीही असो, क्षेत्र कुणाच्या ताब्यात आहे, हद्द कुठवर आहे आणि ग्रामसभेची संमती आहे का, हे तो विचारतोच. वनहक्काचं हक्कपत्र असलं की या सगळ्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं.

पात्रता

महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात येतो, अनुसूचित जमातीत नाही. त्यामुळे केवळ अनुसूचित जमातींसाठी असलेल्या योजनांमध्ये वेळ घालवू नका. वनहक्क कायदा, २००६ मात्र तुम्हालाही लागू आहे, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून. अट एकच, पण कडक आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तुमचा समाज तिथे राहत होता आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून होता, हे दाखवावं लागतं. ७५ वर्षं त्याच गटनंबरचा ताबा हवा असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. अट वास्तव्याची आहे. जंगल अभयारण्यात येतं म्हणूनही दावा अडत नाही. अभयारण्यातली वनजमीनही या कायद्यात धरलेली आहे.

दाव्याचे नमुने तीन आहेत. वैयक्तिक जमिनीसाठी ‘अ’, चराई, पाणी, गौण वनउपज (हिरडा, शिकेकाई असं लाकडाशिवायचं उत्पन्न) अशा सामूहिक वापरासाठी ‘ब’, आणि सामूहिक वनसंसाधनाचं, म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या आणि राखलेल्या जंगलाचं, रक्षण व व्यवस्थापन करण्याच्या हक्कासाठी ‘क’. तिसरा नमुना २०१२ च्या दुरुस्तीत आला. संवर्धनाच्या कामासाठी तोच लागतो. बऱ्याच ठिकाणी फक्त ‘अ’ भरून लोक थांबतात, याचं फार वाईट वाटतं.

पुरावे

खरं काम इथेच आहे. २००५ मधून ७५ वर्षं वजा केली की आपण १९३० ला पोहोचतो. तेव्हा इथे कोल्हापूर संस्थान होतं; ते १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणून तलाठ्याकडच्या सातबारावर थांबून चालत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे कागद शोधा. बावडा आणि विशाळगड या वेगळ्या जहागिऱ्या होत्या. त्यामुळे गगनबावडा किंवा मलकापूर भागातला वाडा असेल तर त्या जहागिरीच्या नावानेही चौकशी करा. जुने कागद बहुतेक मोडी लिपीत असतात, म्हणून जाताना मोडी वाचणारं माणूस सोबत घ्या. १८८६ साली छापलेलं कोल्हापूरचं गॅझेटिअरही कामाला येतं, कारण वनहक्क कायद्याच्या नियमांनी गॅझेटिअर, जनगणना, जुने नकाशे आणि वनखात्याचे कार्य आयोजना (जंगल व्यवस्थापनाच्या योजनेचे) अहवाल पुरावा म्हणून मान्य केले आहेत.

कागद मिळाला नाही म्हणून दावा बुडत नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ, पडक्या घरांची जोती, जुनी विहीर, देवाचं ठाणं, दफनाची जागा हे सगळं चालतं. चराईच्या जुन्या पावत्या कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्या जपून काढा. नियमाला एकापेक्षा जास्त पुरावे हवे असतात, पण तुम्ही चार-पाच जोडा. उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे. केवळ त्यात काही दिसत नाही म्हणून बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

ग्रामसभा आणि दावा

ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला हव्यात. खालच्या मोठ्या गावासोबत ही संख्या जमवणं वाड्याला जवळजवळ अशक्य असतं. त्यासाठी वनहक्क नियमांतला नियम २-अ वापरा. त्यानुसार ग्रामपंचायतीने वस्त्या-वाड्यांची यादी करून, ठराव घेऊन ती प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे पाठवायची असते. आपल्या वाड्याचं नाव त्या यादीत आहे का ते आधी पाहा, नसेल तर लेखी मागणी करा. कोल्हापूर-मुंबईला कामाला गेलेली पोरं जत्रेला वर येतात, तेव्हाच सभा ठेवलेली बरी.

याच सभेत १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. तिच्यात किमान एकतृतीयांश महिला असाव्यात. समिती दावा घेते, हद्दीचा नकाशा काढते आणि स्थळपाहणी करते. ओढा, खिंड, सड्याची कड अशा ओळखू येणाऱ्या खुणा नकाशात असाव्यात. पाहणीची लेखी सूचना वनखातं आणि महसूल दोघांना द्या आणि पोच घ्या. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी परत येतो. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. तुमच्या हातात ती पोच असायलाच हवी.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. कागद अपुरा वाटला तर दावा फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवावा, असा नियम आहे. ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

मग निधी

हक्क मिळाल्यावर ग्रामसभा व्यवस्थापन समिती नेमते आणि ती संवर्धन आराखडा करते. निधीचा अर्ज या आराखड्यावरच उभा राहतो. जाळपट्टे (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) कुठे काढायचे, कुठला झरा कसा राखायचा, हिरडा आणि शिकेकाई किती काढायची, कुठलं चराऊ रान किती काळ बंद ठेवायचं, हे त्यात ठिकाणाच्या नावासह लिहा. रोजगार हमीची कामं यातूनच मागता येतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशीही बोलणं ठेवा, कारण जैविक विविधता कायद्यात स्थानिक निधीची तरतूद आहे. ग्रामसभेच्या व्यवस्थापन समितीच्या नावाने पॅन आणि बँक खाते काढा.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हवा असेल तर नोंदणीकृत संस्था, १२-अ आणि ८०-जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर नोंदणी आणि असा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी आणि ती सहसा तीन वर्षं जुन्या, त्या काळात कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते. म्हणून घाईने स्वतःचा ट्रस्ट काढू नका. अशी नोंदणी असलेल्या विश्वासू संस्थेशी लेखी करार करा. पैसा कशावर खर्च होणार हे ग्रामसभा ठरवेल, हिशेब दर तिमाहीला वाड्यावर वाचून दाखवला जाईल आणि गोळा केलेली माहिती ग्रामसभेच्या परवानगीशिवाय कुठे छापली जाणार नाही, ही तीन कलमं त्या करारात घातल्याशिवाय सही करू नका.