लिपीत लिहिलंच नाही, ते संगणक कुठून आणणार?

उर्दू नावं इंग्रजी अक्षरांत आणायला एक तक्ता पुरे, अशी समजूत तालुक्याच्या गावी असते. अलिफला ए, बेला बी, झालं काम. अकोला, बुलडाणा, अमरावती जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत. तिथली पटावरची नावं अशा तक्त्यातून काढली, तर ‘अकबर’चं ‘एकेबीआर’ होतं आणि ‘मुहम्मद’चं ‘एमएचएमडी’. तक्ता बरोबरच असतो. या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. जबर, जेर, पेश या खुणा आहेत, पण रोजच्या लिखाणात त्या गाळतात. काना-मात्रा पुसलेलं मराठी वाचावं तसं माणूस ते सवयीनं वाचतो. संगणकाला ती सवय नाही. म्हणून प्रचलित नावांचा कोश आधी, आणि तक्ता फक्त कोशात न सापडलेल्या नावांसाठी.

पण कोशात शोधण्याआधीच नाव हरवू शकतं. ‘शेख’ घ्या: शीन, ये, खे. यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सूचीत, अरबी ‘ये’चा क्रमांक ०६४ए, उर्दू-फारसी ‘ये’चा ०६सीसी. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोघांखालीही दोन ठिपके येतात, त्यामुळे पडद्यावर दोन्ही ‘शेख’ हुबेहूब सारखे. फरक दिसतो तो शब्दाच्या शेवटी: अरबी ‘ये’चे ठिपके राहतात, उर्दूचे जातात. टाइप करणाऱ्यानं मोबाइलवर अरबी कीबोर्ड लावला असेल, तर एकाच यादीत दोन्ही क्रमांक शिरतात. मग शोध लागत नाही, क्रम बिघडतो, आणि तक्त्यात एकच ‘ये’ असेल तर दुसऱ्या ‘शेख’मधला ‘ये’ गळून ‘एसएचकेएच’ उरतं. ‘काफ’चीही हीच गत: अरबी ०६४३, उर्दू ०६ए९.

यूनिकोडचं ‘एनएफकेसी’ प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत, चालवलं की हे मिटेल, असं वाटतं. मिटत नाही. जुन्या पीडीएफमधून आलेली, एफई७० ते एफईएफएफ या पट्ट्यातली जोडरूपं, म्हणजे शब्दातल्या जागेप्रमाणे बदलणारी अक्षररूपं, त्यानं मूळ अक्षरांवर येतात. दोन ‘ये’ मात्र वेगळेच राहतात. ते एक करण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो, आणि तोही आंधळेपणानं नाही. ‘मुस्तफा’च्या शेवटी उर्दूत ‘ये’ आणि त्यावर खडा जबर, म्हणजे छोटी उभी रेघ, ०६७०, असतो, उच्चार ‘आ’. खुणा आधी पुसल्या तर ‘मुस्तफी’ झालाच म्हणून समजा. म्हणून क्रम असा: एनएफकेसी, मग ‘ये’ आणि त्यावरचा खडा जबर मिळून इंग्रजी ‘ए’, मग ‘ये’ आणि ‘काफ’ एकरूप, मग ०६४बी ते ०६५२ या खुणा आणि अक्षर ताणणारी रेघ ०६४० काढणं, शेवटी कोश. खडा जबर टाइपच केला नसेल, तर तिथेही कोशच कामी येतो.

‘हे’ या अक्षराची गंमत आणखी. ‘पहल’, म्हणजे पुढाकार, आणि ‘फल’, म्हणजे फळ, दोन्ही तक्त्यातून ‘पीएचएल’ होऊन बाहेर पडतात. उर्दूत पहिल्यात साधा ‘हे’, दुसऱ्यात दोचश्मी, म्हणजे दोन डोळ्यांसारखा दिसणारा ‘हे’.

इंग्रजीवरून उर्दूकडे उलटा प्रवासही बंद. जाल, जे, ज्वाद, जोय या चौघांचं इंग्रजीत एकच ‘झेड’. अरबी लिपी इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांत मांडणारी बकवॉल्टर पद्धत अक्षरागणिक वेगळं चिन्ह देऊन हे टाळते, पण ती ‘शीन’ला डॉलरचं चिन्ह देते, शाळेच्या दाखल्यावर ते चालायचं नाही. मूळ उर्दू नावाचा रकाना यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे यूनिकोड साठवायच्या पद्धतीत, तसाच ठेवावा, इंग्रजी त्याच्या शेजारी.

त्यात अंकशास्त्रवाले नशिबासाठी नावात जादा ‘ए’ घालायला सांगतात. ग्रहांना त्याचा पत्ता नसतो. आधार आणि दाखल्यावरची नावं मात्र जुळेनाशी होतात.

आणि ओळ उजवीकडून दिसते म्हणून ती उलटवू नका. संगणकात अक्षरं वाचनाच्या क्रमानंच साठवलेली असतात, दिशा पडद्यावर ठरते. अंक तर उर्दूतही डावीकडूनच लिहितात. ओळ उलटवली की १९८७ सालचा जन्म ७८९१ चा होतो.