तराजूला कोण तोलणार? प्रामाण्याच्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात सोने तोलले की काट्यावरचा आकडा आपण मान्य करतो. काटा बरोबर कशावरून? वैधमापन खात्याने तो तपासून दिला म्हणून. त्यांची वजने बरोबर कशावरून? ती वरच्या प्रमाण वजनांशी ताडलेली असतात म्हणून. ही साखळी २०१९ पर्यंत पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलापाशी थांबत असे. तोच किलो होता. त्याच्या अधिकृत प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. मूळ घटले की प्रती वाढल्या, हे सांगायला तिसरा आधारच नव्हता. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बसवली गेली.

एखादी समजूत योग्य का मानायची, हा प्रश्न असाच मागे मागे सरकतो. ज्ञान मिळवून देणारे साधन म्हणजे प्रमाण, आणि ज्ञानाचा खरेपणा म्हणजे प्रामाण्य; वाद आहे तो याच प्रामाण्याचा. आणि तराजूचा दाखला फार जुना आहे. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, ‘प्रमेया च तुलाप्रामाण्यवत्’ असे सूत्र येते. तराजू सोने तोलतो; पण त्याच्याविषयी शंका आली, तर वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजूही तपासता येतो. मोजणारे आणि मोजले जाणारे या कायमच्या जाती नाहीत, गरजेप्रमाणे जागा बदलतात. मला हे उत्तर आजही फार मोलाचे वाटते.

हे उत्तर ज्या आक्षेपाला आहे, तो सर्वांत धारदारपणे मांडला बौद्ध आचार्य नागार्जुनाने, ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात. प्रमाण दुसऱ्या प्रमाणाने सिद्ध होत असेल तर अनवस्था, साखळीला शेवटच नाही. प्रमाणाला प्रमाण लागत नसेल, तर ‘सगळे प्रमाणानेच सिद्ध होते’ हा तुमचा पक्षच सुटला. दिवा स्वतःलाही उजळतो, ही पळवाटही त्याने बंद केली: दिव्यात अंधार असतोच कुठे, की तो उजळावा?

सातव्या शतकात मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टाने प्रश्नाची दिशाच फिरवली. ज्ञान उपजतच प्रमाण असते; दाखला लागतो तो ते खोटे ठरवायला. बर्डीवर कोणी रस्ता सांगितला की आपण चालू लागतो, त्याच्या सचोटीचा पुरावा मागत बसत नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हते. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली. मग ते ज्ञान खरे होते असे कळते. चौदाव्या शतकात नैयायिक गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त या वादाला स्वतंत्र प्रकरण दिले.

ग्रीकांकडेही हाच पेच होता. अग्रिप्पा या संशयवाद्याच्या नावावरच्या युक्त्यांत तीन वाटा दिसतात: अंत नसलेली साखळी, वर्तुळ, किंवा नुसते गृहीतक. ॲरिस्टॉटलने सिद्ध न करता मान्य होणारी मूलतत्त्वे मानली. देकार्तने १६४१ मध्ये असाच पक्का पाया शोधला. विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ नॉयराट म्हणाला, आपण भर समुद्रात जहाज दुरुस्त करणारे खलाशी आहोत, गोदी नाहीच. समजुती एकमेकींना धरून उभ्या राहतात. १९५६ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ सेलर्सने इंद्रियानुभवाच्या आयत्या पायावर घाव घातला. पुढे १९६३ मध्ये गेटियरने अवघ्या तीन पानांत दाखवले की समजूत खरी आणि सकारण असूनही ज्ञान ठरेलच असे नाही. १९७९ मध्ये गोल्डमन म्हणाला, समजूत ज्या प्रक्रियेतून आली ती भरवशाची हवी. न्यायाची आठवण येते, पण साम्य फार ताणू नये: प्रामाण्य कळते कसे, हा नैयायिकांचा मोठा प्रश्न होता, आणि गोल्डमनच्या मते ते कळावेच लागत नाही.

हा वाद आम्हा नागपूरकरांना दूरचा नाही. रामटेकला नागार्जुन टेकडी आहे, आणि तो आचार्य इथे राहिला अशी इथली श्रद्धा आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संगने त्याचा संबंध कोसल देशाशी जोडला होता. बाधक पुरावा येईपर्यंत परंपरा टिकते, असे कुमारिलाच्या रीतीने म्हणता येईल. नैयायिक मात्र जमिनीतली वस्तू मागेल. मी नैयायिकाच्या बाजूचा आहे. शेजारच्या मनसरच्या उत्खननात पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा प्रवरसेनाच्या प्रवरेश्वर या देवस्थानाचे नाव मातीच्या मुद्रेवर मिळाले. नागार्जुन त्याच्या दोन-तीनशे वर्षे आधीचा, म्हणजे ती मुद्रा त्याच्या वास्तव्याचा पुरावा होत नाही.